आधी शटर वर करा

नमस्कार.

तुमचे चार पानी पत्र मी दोनदा वाचले. मुलगा बारावीत आहे, सहामाहीत त्याचे गुण 84 टक्क्यांवरून 71 वर आले आहेत आणि आजोबांच्या जुन्या मॉरिस मायनरच्या बॉडीवर तो दीड वर्षापासून घरच्या गॅरेजमध्ये काम करतो आहे. ‘आयुष्यभर पत्रेच ठोकणार का?’ असे विचारून तुम्ही त्याला बजावले आहे की निकाल मनासारखा लागला नाही, तर त्याच दिवशी गाडी भंगारात जाईल. त्याला अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी पुन्हा अभ्यासाला कसे बसवावे, हा तुमचा प्रश्न आहे. त्याकडे मी येईनच, परंतु तिसऱ्या पानावर तुम्ही जाता जाता लिहिलेल्या एका वाक्याने मला फार अस्वस्थ केले आहे.

तुमची बोलणी टाळण्यासाठी तो रात्री शटर ओढून घेतो आणि नाकाला रुमाल बांधून स्प्रे मारतो, त्या वासाने घरात सगळ्यांचे डोके दुखते, असे तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिले आहे. हार्डनर मिसळून मारायचा टू-के रंग तो वापरतो, हेही तुम्हीच लिहिले आहे. या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची रसायने असतात. स्प्रे गनमधून ती बारीक तुषारांच्या रूपाने हवेत पसरतात आणि श्वासावाटे फुप्फुसात जातात. वाहने रंगवणाऱ्यांना कामामुळे जडणाऱ्या दम्याचे ते एक प्रमुख कारण आहे, आणि शरीर एकदा त्यांना संवेदनशील झाले की पुढे अगदी अल्प मात्राही झटका आणू शकते. रुमालाचा किंवा धुळीसाठीच्या मास्कचा इथे काहीही उपयोग नाही. चांगल्या रंगशाळेत दूषित हवा ओढून घेणारी बूथ असते आणि रंगाऱ्याच्या मुखवट्याला बाहेरून स्वच्छ हवेची नळी जोडलेली असते. ज्या वासाने तुमचे डोके दुखते तो बहुधा थिनरचा असावा. आयसोसायनेट घातक प्रमाणात असतानाही नाकाला कळत नाही, त्यामुळे वास गेला म्हणजे हवा निवळली असे समजू नका. बंद गॅरेजमध्ये थिनरची वाफ साठते आणि तिथेच ग्राइंडरच्या ठिणग्या उडतात, हे वेगळेच. म्हणून घरातले रंगकाम आजपासून बंद करा. पत्र्याचे काम चालू राहू द्या आणि रंगाचा शेवटचा हात बूथ असलेल्या रंगशाळेत मारून घ्या. त्याला खोकला येत असेल किंवा छाती जड वाटत असेल, तर डॉक्टरांकडे जाताना तो कोणता रंग मारत होता हे त्यांना आवर्जून सांगा.

हे सारे त्याला एखाद्या अनुभवी रंगाऱ्याने पाच मिनिटांत सांगितले असते. परंतु जो मुलगा आपले काम बापापासून लपवतो, तो ते दाखवायला दुसऱ्या कोणाला घरी बोलावील, अशी अपेक्षा तुम्ही कशी करता? ते शटर तुमच्या धमकीमुळे खाली आले आहे, असे मला स्पष्टच म्हणावे लागते. भंगाराची भाषा ऐकल्यापासून तो अधिक अभ्यास करू लागला, असे तुमच्या पत्रात कुठेही नाही. तो अधिक रात्री जागू लागला, एवढेच आहे. निकालाच्या आत गाडी पुरी झाली तर ती वाचेल, असा हिशेब त्याने मनाशी मांडला असावा. त्याच्या जागी मी असतो तर मीही तोच मांडला असता. गाडी भंगारात घालण्याची धमकी आजच मागे घ्या, आणि ती कोणत्याही गुणांच्या अटीवर मागे घेऊ नका.

‘एका मडगार्डवर त्याने तीन महिने घालवले’ हे तुम्ही त्याच्या वेळकाढूपणाचा पुरावा म्हणून लिहिले आहे. तुमच्या पत्रातली सर्वात आश्वासक गोष्ट मला तीच वाटली. गंजलेला भाग कापून तिथे नवा तुकडा जोडायचा, तर तो पत्रा जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा असतो. त्यावर सलग वेल्ड ओढला की तापलेला पत्रा थंड होताना आकसतो आणि सांध्याच्या दोन्ही अंगांना लाटा उठतात. म्हणून जाणता कारागीर एक टॅक, म्हणजे वेल्डचा छोटा ठिपका, इथे, दुसरा लांब तिथे मारतो, मधल्या वेळात पत्रा निवू देतो आणि नंतर आतून डॉली, म्हणजे हातात मावणारा लोखंडी ठोकळा, धरून, बाहेरून हातोडीचे हलके ठोके देत आकसलेला भाग ताणून घेतो. पुट्टीचा जाड थर देऊन हे सगळे एका दुपारीत झाकता येते. काही काळाने ती पुट्टी तडकते आणि खालून गंज बाहेर येतो. तुमच्या मुलाने तो सांधा दोनदा कापून पुन्हा केला. तो डोळे मिटून मडगार्डवरून हात फिरवत बसतो, याचा तुम्हाला राग येतो. पण डोळ्यांना न दिसणारा उंचवटा तळहाताला लागतो, म्हणून तो तसे करतो.

आता अभियांत्रिकीविषयी. मुलाला गाडीची आवड आहे म्हणजे त्याला यंत्र अभियांत्रिकीला घालावे, हा समज मला वारंवार भेटतो आणि त्यापायी अनेक मुलांची चार वर्षे कंटाळ्यात जातात. त्या पदवीत गणित, उष्मागतिकी, द्रवयांत्रिकी आणि पदार्थांची ताकद हे विषय मुख्य असतात. ज्याला यंत्राची रचना करायची आहे त्याच्यासाठी ती उत्तम आहे, परंतु पत्र्याला हात लावण्याचे तास तिथे फार थोडे येतात. उलट, हातकामाला शिक्षण लागत नाही हाही त्याच समजाचा दुसरा भाग आहे. धातू तापल्यावर त्याचे काय होते, गंज कसा धरतो, रंग कसा चिकटतो, हे सगळे शास्त्रच आहे. अमेरिकेत कॅन्ससमधल्या मॅकफर्सन कॉलेजमध्ये जुन्या मोटारींच्या पुनरुज्जीवनाचे शिक्षण 1976 पासून दिले जाते आणि त्यात चार वर्षांची पदवी मिळते. त्याला तिथेच पाठवा असे मी सुचवत नाही. ‘पत्रे ठोकणे’ हा तुमचा शब्द किती तोकडा आहे, एवढेच मला दाखवायचे आहे.

पदविका, कारागिरीचे प्रशिक्षण आणि पदवीच्या प्रवेश परीक्षा या वाटा तुम्हाला माहीत आहेत, आणि 71 टक्क्यांनी त्या सगळ्या बंद होत नाहीत.

मुलालाही दोन गोष्टी सांगायच्या आहेत. छत कापून खाली घेण्याचा आणि मडगार्ड रुंद करण्याचा त्याचा बेत त्याने तूर्त बाजूला ठेवावा. गाडी होती तशी करणे आणि गाडी आपल्या मनासारखी बदलणे, ही दोन वेगळी कामे आहेत. जुन्या वाहनांची जागतिक संघटना ‘फिवा’ आपल्या ट्यूरिन सनदेत मूळ भाग शक्य तितके जपण्याचा आग्रह धरते, आणि आजोबांच्या गाडीबाबत मला तोच आग्रह योग्य वाटतो. कापाकापी शिकायची असेल, तर भंगारातले दरवाजे आणि बॉनेट आणून त्यांवर शिकावे. दुसरे असे की, परीक्षा संपताच त्याने दीड-दोन महिने एखाद्या डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजमध्ये उमेदवारी करावी. तिथे गाडी परक्याची असते, ती शनिवारी द्यायची असते आणि मडगार्डला तीन महिने कोणी देत नाही. पाठ भरून येते, कानात ठोके घुमत राहतात. तिथेही हात रमला तर व्यवसायाचा विचार करू. नाही रमला, तर हे काम आयुष्यभर छंद म्हणून राहील आणि तेही मला कमी वाटत नाही.

त्याने उजवीकडचा गंजलेला सिल, म्हणजे दाराखालचा पेटीसारखा भाग, कापून नवा बसवल्याचे तुम्ही लिहिले आहे. मॉरिस मायनरला वेगळी चासी नाही. बॉडी हाच तिचा सांगाडा आहे आणि सिल त्याचा भार पेलतो. आधार न देता तो कापला तर बॉडी खचते आणि मग दार बसत नाही. कापण्याआधी त्याने दाराच्या चौकटीत तिरक्या नळ्या जोडल्या होत्या का, आणि दाराच्या फटी मोजून लिहून ठेवल्या होत्या का, हे आज रात्री शटर वर करून, आत त्याच्याजवळ बसून त्याला विचारा. उत्तर त्याला स्वतःच्या अक्षरात लिहायला सांगा आणि मला पाठवा.