ग्रॅम स्टेनिंगमध्ये दह्यातले जिवाणू गुलाबी का दिसतात? क्रिस्टल व्हायोलेट कुठल्या कंपनीचं घ्यावं?

बाटली बदलू नका. ग्रॅम स्टेनिंग म्हणजे रंगवून जिवाणूंचे दोन गट ओळखणं: जाड भिंतीचे ग्रॅम पॉझिटिव्ह क्रिस्टल व्हायोलेटचा जांभळा रंग धरून ठेवतात, पातळ भिंतीचे ग्रॅम निगेटिव्ह तो अल्कोहोलने सोडतात आणि शेवटच्या सॅफ्रॅनिनने गुलाबी होतात. दह्यातले पॉझिटिव्ह, म्हणजे जांभळे दिसायला हवेत. स्लाईड गुलाबी आली की पहिला आळ क्रिस्टल व्हायोलेटवर येतो. चूक बहुतेक वेळा अल्कोहोलच्या पायरीत असते, नाहीतर कल्चरच्या, म्हणजे वाढवलेल्या जिवाणूंच्या, वयात.

इथे बडोद्यात याच मुद्द्यावर एका सहकाऱ्यांशी माझा वाद झाला होता. मातीतून वेगळा केलेला बॅसिलस (कांडीच्या आकाराचा ग्रॅम पॉझिटिव्ह जिवाणू) गुलाबी दिसत होता. ते म्हणाले, रंग उतरलाय, नवा मागवा. मी म्हटलं, कल्चर शिळं आहे. मग एकाच स्लाईडवर काचपेन्सिलीने तीन चौकोन आखले: डावीकडे १८ तासांचा बॅसिलस, मधे तोच ७२ तासांचा, उजवीकडे ग्रॅम निगेटिव्ह ई. कोलाय. तिन्हींवर त्याच जुन्या बाटलीतला रंग, अल्कोहोलही तेवढेच सेकंद. सूक्ष्मदर्शकाच्या ऑइल इमर्शन भिंगाखाली डावा चौकोन गर्द जांभळ्या कांड्यांनी भरलेला. मधल्यात एकाच साखळीत दोन कांड्या जांभळ्या, तिसरी फिकट गुलाबी, काहींच्या पोटात रंग न घेतलेले लंबगोल बीजाणू. उजवा पूर्ण गुलाबी. रंग जुना होता, पण ठीक होता. पेशी म्हातारी झाली की भिंत फाटू लागते आणि आत अडकलेला रंग अल्कोहोलबरोबर निघून जातो. म्हणून १८ ते २४ तासांचंच कल्चर घ्या.

आयोडीनला पुस्तकं रंगबंधक म्हणतात. एकेकाळी कलाभवन या तंत्रशाळेत रंगाई शिकवणाऱ्या या गावात रंगबंधक म्हटलं की तुरटी आठवते, पण इथलं काम वेगळं आहे. आयोडीन आणि क्रिस्टल व्हायोलेट मिळून मोठा, पाण्यात न विरघळणारा संयुग बनतो. अल्कोहोलने पेप्टिडोग्लायकनची जाड भिंत सुकून आवळते आणि तो आतच अडकतो. पातळ भिंतीतून तो सुटतो. तेव्हा बाटली तपासायचीच असेल तर आयोडीनची तपासा: १ ग्रॅम आयोडीन, २ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड, ३०० मिली डिस्टिल्ड वॉटर, तपकिरी बाटलीत. कोऱ्या चहासारखा रंग हवा. पिवळट पडलं तर ओतून द्या.

क्रिस्टल व्हायोलेट १ मिनिट, पाणी, आयोडीन १ मिनिट, पाणी. आता स्लाईड तिरकी धरा आणि ९५ टक्के अल्कोहोल थेंबथेंब सोडा. खाली पडणारा थेंब बिनरंगी झाला, त्याच क्षणी पाणी. साधारण १० ते २० सेकंद लागतात, पण घड्याळापेक्षा थेंबाकडे बघा. अॅसिटोन मिसळलेलं असेल तर २-३ सेकंदांतच सगळं धुऊन निघतं. मग सॅफ्रॅनिन ३० ते ६० सेकंद, आणि टिपकागदाने टिपा, पुसू नका.

श्रावणात आपल्याकडे स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला नमुन्याचा थर, लवकर वाळत नाही. घाईने ओलाच दिव्यावर धरला की पेशी उकळतात, भिंती फुटतात, पॉझिटिव्ह जिवाणूही गुलाबी दिसतात. पूर्ण वाळू द्या, मग ज्योतीतून दोन-तीनदाच फिरवा. काच हाताच्या पाठीला सोसवली पाहिजे. अल्कोहोलची बाटली तेव्हा दिव्यापासून लांब.

तुमच्या दह्याची गोष्ट आणखी वेगळी. दह्यातलं केसीन हे प्रथिन स्वतःच गुलाबी रंग धरतं, आणि साय असेल तर रंग नीट पोचतच नाही. एक भाग दही दहा भाग पाण्यात कालवा आणि स्मिअर इतका पातळ काढा की त्यामागची छापील अक्षरं वाचता आली पाहिजेत. वाळल्यावर स्निग्धांश काढायला मिनिटभर झायलीन, मग स्मिअर काचेवर पक्का करायला मिनिटभर मिथेनॉल. इथे ज्योत नको. गुलाबी धुरळा म्हणजे केसीन, तो मोजू नका. गोलांच्या जांभळ्या साखळ्या आणि लांब कांड्या शोधा. त्यांच्या कितीतरी पट मोठे लंबगोल जांभळे दिसले तर ते यीस्ट.

क्षयाच्या जिवाणूंच्या जातीला ही पद्धत चालत नाही, त्यासाठी झील-नील्सन ही वेगळी रंगपद्धत. क्रिस्टल व्हायोलेटची पावडर कुठल्याही नावाजलेल्या कंपनीची चालेल. द्रावण मात्र वापरण्याआधी फिल्टर पेपरमधून गाळा, नाहीतर रंगाचे स्फटिक जिवाणू समजून बसाल.

तरीही कुणी वाद घातला, तर ३ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात अगारवरची (जिवाणू वाढवायच्या जेलीवरची) वसाहत वायरलूपने अर्धा मिनिट घोटा आणि लूप हळू वर उचला. चिकट तार आली तर ग्रॅम निगेटिव्ह. आमच्या ७२ तासांच्या बॅसिलसची तार आली नाही.