‘आपंगिता’ म्हणजे अपंगत्व नव्हे

कोथरूडच्या एका शिक्षिकेने दोन गोष्टी विचारल्या आहेत. शाळेच्या प्रवेश-अर्जावर ‘अपंग’ लिहावं, ‘विकलांग’ की ‘दिव्यांग’? आणि ३ डिसेंबरच्या, म्हणजे जागतिक दिव्यांग दिनाच्या फलकासाठी निवडलेली ही ओळ बरोबर आहे ना: ‘ज्यासी अपंगिता नाही, त्यासी धरी जो हृदयी’?

अर्जाचं आधी उरकतो. ‘दिव्यांग’ लिहा. प्रमाणपत्रापासून सगळ्या सरकारी कागदांवर आता तोच शब्द आहे, आणि दोन कागदांवर दोन शब्द पडले की पालकांचे खेटे वाढतात. मला स्वतःला तो शब्द पटत नाही. अपंगांच्या हक्कांसाठीच्या १९९५ च्या कायद्याच्या मराठी नावात ‘अपंग’ होतं, हिंदीत ‘निःशक्त’. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मधून ‘दिव्यांग’ सुचवला आणि जुन्या कायद्याच्या जागी आलेल्या २०१६ च्या कायद्याच्या हिंदी नावात तो जाऊन बसला. अनेक संघटनांनी तेव्हाच हरकत घेतली होती आणि ती रास्त होती. मुलाला देवत्व नको असतं, जिन्याशेजारी उतार हवा असतो.

आता ती ओळ. बाई, कृपा करून फलक रंगवायच्या आत ‘अ’चा ‘आ’ करा! ओळ तुकोबांच्या ‘जे का रंजले गांजले’ या अभंगातली, आणि त्यांचा शब्द ‘आपंगिता’ आहे. ही चूक मी दरवर्षी ऐकतो. गेल्या वर्षी पेठेतल्या एका शाळेच्या सभागृहात थर्माकोलची अक्षरं कापून हीच ओळ लावली होती, आणि पाहुणे वक्ते माइकवर अर्थ सांगत होते, ‘अपंगिता म्हणजे अपंगत्व’. तसा अर्थ घेतला तर ओळ काय सांगते? ज्याला अपंगत्व नाही त्याला हृदयाशी धरावं! ज्या मुलांसाठी कार्यक्रम होता त्यांनाच ओळीतून बाहेर काढलं गेलं. पहिल्या रांगेत चाकाच्या खुर्चीत एक मुलगी बसली होती. तिचं बक्षीस खाली आणून द्यावं लागलं, कारण व्यासपीठाच्या उतारावर झेंडूच्या कुंड्या मांडल्या होत्या.

चुकीचं मूळ ‘ता’मध्ये आहे. मराठीत दोन ‘ता’ आहेत. ‘सुंदरता’, ‘नम्रता’ यांतला भाव दाखवतो. ‘करता-करविता’ किंवा ‘बोलविता धनी’ यांतला करणारा दाखवतो. ‘आपंगिता’ हा दुसऱ्या घरचा. आपंगणे हे जुनं क्रियापद, आपंगिता म्हणजे आपंगणारा. ज्याला आपलं म्हणणारं कोणी नाही त्याला जो हृदयाशी धरतो, तो साधू.

आणि आपंगणे म्हणजे काय? माझं मत पक्कं आहे: आप अधिक अंग. दुसऱ्याला आपल्या अंगाचा भाग करून घेणं. संस्कृतातून आलेला ‘अंगीकार’ हा त्याचा सख्खा भाऊ, तिथेही जे अंग नव्हतं ते अंग केलं जातं. ‘अपंग’ मात्र अप अधिक अंग. ‘पंगु म्हणजे लंगडा, मग अपंग म्हणजे धडधाकट’ असं कोडं घालणाऱ्यांनी तो ‘अ’ नकाराचा धरला, म्हणून ते फसले. संस्कृतात ‘अपांग’ म्हणजे डोळ्याचा बाहेरचा कोपराही, आणि अंगहीनही. एका शब्दात अंग दूर गेलं आहे, दुसऱ्यात अंगाशी घेतलं आहे, आणि दोघांत फरक फक्त एका कान्याचा. मला हे पहिल्यांदा उमगलं त्या रात्री झोप लागली नव्हती.

व्याकरणाच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी मागे मला कळवलं होतं की आपंगणे म्हणजे आश्रय देणे, आश्रय म्हणजे दया, आणि दयेची भाषा हक्कांच्या काळात नको. त्यांचा मान राखून सांगतो, त्यांनी अभंग पुढे वाचलेला नाही. ‘दया करणे जे पुत्रासी, तेचि दासा आणि दासी’ असं तिथेच आहे. पोटच्या मुलाला जे, तेच दासदासींना. ही भीक कशी? ‘भेदभाव न करता प्रवेश द्यावा’ असं २०१६ च्या कायद्याचं कलम १६ शाळांना सांगतं, त्याच्या हे फार जवळ आहे.

मी तर पुढे जाऊन म्हणतो की शाळांच्या बाबतीत आपण ‘समावेशक’ हा शब्दच चुकीचा निवडला. १९७४ मध्ये केंद्राने योजना आणली ती ‘एकात्म’ शिक्षणाची: मुलाने नेहमीच्या शाळेत यावं आणि तिथे जमवून घ्यावं. १९९५ चा कायदाही बहुतांशी तिथेच होता. १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षण दिलं, पण सर्वसाधारण शाळेत सामावण्यासाठी ‘प्रयत्न’ एवढंच सांगितलं. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले, पण माझ्या लेखी मोठी गोष्ट त्यातल्या अशा शिक्षणाच्या व्याख्येत आहे: सगळी मुलं एकत्र शिकतील आणि शिकवण्याची पद्धत मुलांच्या गरजेप्रमाणे बदलेल. बदलायचं आहे शाळेला! याला आपण म्हणतो ‘समावेशक’. त्यात ‘विश्’ धातू आहे, आत शिरणं. म्हणजे पुन्हा मुलानेच शिरायचं. आपंगण्यात कर्ता शाळा आहे, आणि नवं अंग आलं की शरीराची ठेवण बदलणारच. ‘आपंगती शाळा’ म्हणून बघा, दोन दिवसांत जिभेवर बसेल.

‘कल्याण’ या शब्दाशीही माझं भांडण आहे. राज्याचं आयुक्तालय आपल्या पुण्यातच आहे. ते ‘अपंग कल्याण’ होतं, ‘दिव्यांग कल्याण’ झालं. पहिला शब्द बदलला, दुसरा जिथल्या तिथे. विशेष शाळा आजही शिक्षण खात्याकडे नाहीत, याच कल्याणाच्या घरात आहेत. मूल शाळेत शिकायला जातं, मग त्याच्या शाळेचा कारभार शिक्षण खात्याने का पाहू नये?

‘विकलांग’ राहिलाच. विकल म्हणजे ज्याची ‘कला’, म्हणजे अंश, कमी आहे तो. अर्जावर तो नको.

फलकावर मूळ ओळ अशी लिहा: ‘ज्यासि आपंगिता नाही । त्यासि धरी जो हृदयी’. काना ठळक काढा. आणि त्या दिवशी व्यासपीठाचा उतार मोकळा ठेवा.