गरम पाणी चुनखडक कसा बदलतं?

प्रश्न : चुनखडक समुद्राच्या तळाशी साचतो, हे शाळेत शिकलो. पण पर्वतांतल्या चुनखडकाचा जमिनीखालच्या गरम पाण्यामुळे डोलोमाइट होतो, असं नुकतंच वाचनात आलं. एवढा कठीण खडक पाण्यानं बदलतो म्हणजे नेमकं काय होतं? तो वितळतो का? आणि कोट्यवधी वर्षांपूर्वीचं ते पाणी गरम होतं, हे कोणी आणि कसं ठरवलं?

उत्तर : वितळत नाही. खडक विरघळतो, आणि जिथे विरघळला तिथेच, जवळजवळ त्याच वेळी, नवं खनिज बसतं. हे सगळं पाण्याच्या अगदी पातळ थरात, कणाकणानं चालतं. चुनखडकातलं कॅल्साइट म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. मॅग्नेशियम असलेलं पाणी आलं की निम्मं कॅल्शियम पाण्याबरोबर निघून जातं, त्याची जागा मॅग्नेशियम घेतं, आणि डोलोमाइट तयार होतो.

माझं बरंचसं काम सूक्ष्मदर्शकाखाली चालतं. खडकाचा 0.03 मिलिमीटर जाडीचा काप काचेवर चिकटवायचा आणि त्यावर ॲलिझरिन रेड नावाचा रंग सौम्य आम्लात मिसळून लावायचा. कॅल्साइट लाल होतं, डोलोमाइट रंग घेत नाही. बदल अर्धवट झालेला खडक असेल तर ही सीमा कधीकधी एकाच शिंपल्यातून जाते. अर्धा शिंपला लालसर, त्यातले बारीक पापुद्रे शाबूत. उरलेल्या अर्ध्यात डोलोमाइटचे चौकटीसारखे स्फटिक, तरीही शिंपल्याची बाह्यरेषा पुढे अंधूकशी चालू राहिलेली. खडक वितळला असता तर ती रेषा उरलीच नसती. तुमच्या पहिल्या प्रश्नाला यापेक्षा चांगला पुरावा माझ्याकडे नाही.

आता उष्णता कशाला लागते? समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम भरपूर आहे, मग डोलोमाइट तिथेच सहज का तयार होत नाही? लिंटन लँड या अमेरिकी भूवैज्ञानिकानं 25 अंश सेल्सिअसला डोलोमाइट तयार होतो का, हे 32 वर्षं तपासलं. द्रावणात लागणारे सगळे घटक गरजेपेक्षा कितीतरी जास्त होते, तरी डोलोमाइट बनला नाही. 1998 साली त्यानं हा निष्कर्ष प्रसिद्ध केला. बत्तीस वर्षं सांभाळलेला प्रयोग आणि शेवटी उत्तर ‘नाही’. मला या कामाबद्दल फार आदर वाटतो. कारण असं, की मॅग्नेशियमच्या आयनाभोवती पाण्याचे रेणू घट्ट चिकटलेले असतात आणि ते सुटल्याशिवाय त्याला स्फटिकात जागा मिळत नाही. तापमान वाढलं की ही पकड सैल होते.

उष्णतेइतकंच महत्त्व पाण्याच्या प्रमाणाला आहे, आणि त्याकडे फार दुर्लक्ष होतं. 40 टक्के पोकळी असलेल्या एक घनमीटर चुनखडकाचा पूर्ण डोलोमाइट व्हायला साध्या समुद्राचं सुमारे 650 घनमीटर पाणी त्यातून जावं लागतं, असा हिशेब आहे. अतिखारट पाणी असेल तर बरंच कमी पुरतं. पण एवढं पाणी खोल जमिनीखाली आणायचं कुठून आणि ढकलायचं कशानं? पर्वतरांगा इथेच कामी येतात. भूपट्ट एकमेकांवर रेटले जातात, थर दुमडतात, एकावर एक चढतात. दाबाखालच्या गाळातलं खारं पाणी बाहेर फेकलं जातं. त्याला वाट मिळते ती भ्रंशांतून, म्हणजे खडक तुटून सरकल्यानं पडलेल्या भेगांतून. पाणी इतक्या वेगानं वर येतं की वाटेत पुरेसं थंड होत नाही. भ्रंश जिथे सच्छिद्र थराला छेदतो आणि वर पाणी न झिरपू देणारा शेल (चिखलापासून बनलेला खडक) असतो, तिथे ते आडवं पसरतं. म्हणून असा डोलोमाइट सगळीकडे सारखा पसरलेला नसतो. भ्रंशालगत तो जाड असतो, दूर जाताना ठरावीक थरांपुरता उरतो आणि मग संपतो.

उदाहरणार्थ, कॅनडाच्या रॉकी पर्वतात, फील्ड गावाजवळ, कॅथेड्रल नावाचा 50 कोटी वर्षांहून जुना कार्बोनेट थर आहे. त्यातल्या डोलोमाइटमध्ये काळसर बारीक आणि पांढऱ्या भरड स्फटिकांचे पट्टे आलटून पालटून येतात. किकिंग हॉर्स आणि मोनार्क या जुन्या खाणींतलं शिसं-जस्त याच थरातलं. आणि पाण्यात सिलिका असेल तर गोष्ट आणखी पुढे जाते : डोलोमाइटचं शंखजिरं होतं. फ्रान्सच्या पिरेनीज पर्वतातली त्रिमून्सची प्रचंड खाण साधारण 10 कोटी वर्षांपूर्वीच्या अशाच गरम पाण्याची करामत आहे.

तापमान कसं कळतं? स्फटिक वाढताना त्यात पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब अडकतात. नंतर खडक थंड झाला की थेंब आकसतो आणि आत एक बुडबुडा तयार होतो. सूक्ष्मदर्शकाखाली तो काप हळूहळू तापवायचा. बुडबुडा थरथरतो, लहान होतो आणि एका क्षणी नाहीसा होतो. तो आकडा म्हणजे स्फटिक बनतानाचं किमान तापमान. थेंब गोठवून तो कोणत्या तापमानाला वितळतो हे पाहिलं, की पाणी किती खारट होतं तेही समजतं. शिवाय वक्र पृष्ठांचा, खोगिरासारखा डोलोमाइट दिसला तर तापमान बहुधा 60 ते 80 अंशांच्या वर होतं असं धरतात.

एवढ्यावर थांबणं मात्र मला पटत नाही. तीन-चार किलोमीटर खाली कुठलाही खडक आपोआपच 100 अंशांच्या आसपास तापलेला असतो. तिथलं 100 अंशांचं पाणी त्या खडकापेक्षा गरम नाही. बाहेरून आलेलं गरम पाणी म्हणायचं तर ते आजूबाजूच्या खडकापेक्षा निदान 5 ते 10 अंश जास्त गरम हवं. खडक स्वतः किती तापला होता, हे त्यातल्या कोनोडोंट नावाच्या, दातासारख्या बारीक जीवाश्मांवरून कळतं. उष्णतेनं ते फिकट पिवळ्याचे तपकिरी आणि मग काळे होत जातात. थेंब 160 अंश सांगत असतील आणि त्याच थरातले, भ्रंशापासून दूरचे कोनोडोंट अजून फिकट पिवळे असतील, तर पाणी खालून आलं होतं, असं मी निर्धास्तपणे लिहिते.