ढिगारे दाखवून पोट भरतं का?

प्रश्न: माझी मुलगी भूशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. शहरातल्या बंद दगडखाणी, भरावाच्या टेकड्या लोकांना हिंडून दाखवायच्या आणि त्यातच करिअर करायचं, असं तिने डोक्यात घेतलंय. ढिगारे बघायला कोण येणार? तिची समजूत घाला. – एक वडील

उत्तर: समजूत तिची घालायची की तुमची, ते आधी बघू.

रोममध्ये मोन्ते तेस्ताच्चो नावाची सुमारे ३५ मीटर उंचीची टेकडी आहे. सगळी फुटक्या खापरांची. जहाजांतून ऑलिव्ह तेलाचे मातीचे कुंभ यायचे, बरेचसे आजच्या स्पेनमधून. तेल मुरलेला कुंभ पुन्हा कामाचा नाही, म्हणून फोडून रचून ठेवायचा आणि घाण सुटू नये म्हणून वर चुना भुरभुरायचा. यातल्या काही कुंभांच्या कानांवर बनवणाऱ्याचा शिक्का अजून वाचता येतो, तर काही खापरांवर शाईने लिहिलेलं वजन. म्हणजे कचराच, पण हिशेबासकट! पॅरिसची ब्युत-शोमों ही बाग १८६७ साली खुली झाली, तीही जिप्समच्या जुन्या खाणीच्या जागेवर. बर्लिनचा टॉयफेल्सबर्ग तर दुसऱ्या महायुद्धात पडलेल्या इमारतींच्या राडारोड्याचा. तिन्हीकडे लोक हौसेने जातात.

तुमची काळजी मात्र खोटी नाही. ‘भूपर्यटन मार्गदर्शक पाहिजे’ अशी जाहिरात क्वचितच निघते. भू-उद्यानं (खडक-भूरूपांचा वारसा जपणारी ठिकाणं), संग्रहालयं, खाणींचं पुनर्वसन करणाऱ्या संस्था, असं तुकड्यातुकड्यांनी काम जमवावं लागतं. म्हणून लगेच पर्यटनाच्या पदविकेमागे धावू नका. एम.एस्सी. करू दे, भूरूपशास्त्र (जमिनीचे आकार कसे घडतात त्याचा अभ्यास) आणि जीआयएस (संगणकावर नकाशे हाताळण्याचं तंत्र) पक्कं करून. जुन्या नकाशातल्या समोच्च रेषा आजच्या उंचीच्या आकड्यांशी ताडल्या, की जमीन कुठे खोदली आणि कुठे भरली ते कळतं. टेकडीची गोष्ट त्यातून सापडते. भराव असमान खचतो, त्यामुळे इमारतीचा पाया घेण्यापूर्वी हीच माहिती बांधकामवाल्यांनाही लागते. पर्यटनाने दगा दिला तरी हे कौशल्य वाया जायचं नाही.

दरम्यान तिला एक काम द्या. एखादी बंद खाण निवडायची, मालकाची परवानगी काढायची, सुटे दगड लोंबणाऱ्या कड्यापासून लांब राहील अशी वाट आखायची आणि भूशास्त्राचा गंध नसलेल्या दहा जणांना तासभर हिंडवायचं. मैत्रिणी नकोत, त्या टाळ्या वाजवतात. तुम्ही मागे राहा, आणि विसाव्या मिनिटाला किती जण मोबाइल बघतात ते मोजा.