“मॅडम, आता अजून काय बंद करू?”

नाशिकच्या सिडकोतून आलेल्या ताईंचा हा पहिलाच प्रश्न. मांडीवर चार वर्षांचा मुलगा. कोपराच्या लवणीत आणि गुडघ्यांमागे खाजवून खाजवून जाड झालेले इसबाचे चट्टे. ‘पोटात बिघाड आहे, म्हणून कातडीवर निघतंय’ असं कुणीतरी सांगितलं, आणि पाच महिन्यांत दूध, दही, गहू, अंडी, शेंगदाणे एकेक करून सगळं बंद झालं. त्यांनी वहीत रोजचं जेवण लिहून आणलं होतं: भात, मुगाचं वरण, दुधी, पुन्हा भात. वजन जूनमध्ये होतं तेवढंच नोव्हेंबरात. मला चट्ट्यांपेक्षा त्या वहीची जास्त धास्ती वाटली.

पोटाचं आणि त्वचेचं नातं आहे, हे मी त्यांना आधी सांगितलं. आतड्यातले जिवाणू बाळपणापासून प्रतिकारशक्तीला वळण लावतात. कशावर चिडायचं आणि काय खपवून घ्यायचं, हे शरीर बरंचसं तिथेच शिकतं. पण म्हणूनच अन्न उगाच तोडू नये. एखादा पदार्थ पोटात जात राहिला तर शरीराला तो ओळखीचा राहतो. तो बराच काळ थांबवला, तर इसब असलेल्या काही मुलांना पुन्हा देताना खरीखुरी ॲलर्जी उठते. शिवाय फुटलेल्या त्वचेतूनही घरातल्या अन्नाचे कण आत जातात आणि ॲलर्जीला तोंड फुटतं.

प्रोबायोटिकच्या, म्हणजे पोटाला चांगल्या समजल्या जाणाऱ्या जिवाणूंच्या, पुड्या तीन महिने देऊन झाल्या होत्या. अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र करून तपासणाऱ्या २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात ३९ चाचण्या आणि जवळजवळ २,६०० रुग्ण होते. प्रोबायोटिकने इसबाच्या त्रासात फारसा फरक पडलेला दिसला नाही. ते पैसे खरं तर मॉइश्चरायझरला हवे होते.

“मॉइश्चरायझर किती लावता?” “लावते ना, पन्नास ग्रॅमची ट्यूब दोन महिने जाते.” इथे गाडं अडलं होतं. अंगभर कोरडेपणा असलेल्या मुलाला आठवड्याला दीडशे ते अडीचशे ग्रॅम लागू शकतं. इसबात त्वचेची भिंतच कमकुवत असते. ओल धरून ठेवायला मदत करणाऱ्या फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जनुकात दोष असेल तर इसबाचा धोका वाढतो, हे २००६ मध्ये समोर आलं. त्यात नाशिकची कोरडी थंडी, कढत पाणी, आजींनी मायेने चोळलेलं डाळीचं पीठ आणि उघड्या अंगावर लोकरीचा स्वेटर.

आजींना दोष द्यायचा नव्हता. पुढच्या वेळी त्यांनाही बोलावलं. कोमट पाण्याची पाच-दहा मिनिटांची अंघोळ, अंग टिपून ओलसर असतानाच मॉइश्चरायझर, स्वेटरच्या आत सुती बनियन, हे सगळं आजींनी अंगावर घेतलं. चट्ट्यांवरचं स्टिरॉइड मलम त्वचारोगतज्ज्ञांनी आधीच दिलेलं होतं. भीतीपोटी ते कपाटातच पडून होतं. सांगितलेल्या प्रमाणात आणि सांगितले तेवढे दिवस ते लावायला सुरुवात झाली.

खाणं सुरू करायची घाई मात्र केली नाही. खाल्ल्यावर दोनेक तासांत पित्ताच्या गांधी, ओठांना सूज, उलटी किंवा धाप, असं कधी झालं होतं का, हे बालरोगतज्ज्ञांनी विचारलं. झालं नव्हतं. तरी इतके महिने बंद असलेलं दूध त्यांनी दवाखान्यातच थोडं थोडं देऊन पाहिलं. मग पोळी, दही, शेवटी अंडं, असा त्यांनीच क्रम लावून दिला.

फेब्रुवारीत वजन दीड किलोने वाढलं होतं. एका कोपरात चट्टा अजून होता आणि घाम आला की खाज सुटत होती. वही ताईंनी आणली नव्हती. मुलगा माझ्यासमोर बसून दशमी खात होता.