आखाजीला घागर, पोळ्याला गोंडे

प्रश्न : आम्ही काही जणींनी मिळून चोपड्यात हाताने केलेल्या वस्तूंचा बाजार सुरू केला. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी भरतो. सुरुवातीला गर्दी व्हायची, आता विकणाऱ्या जास्त आणि घेणारे कमी. आमच्यातली एक मुलगी म्हणते, दर वेळी 'थीम' ठेवू : व्हॅलेंटाइन, हॅलोविन, ख्रिसमस. पुण्या-मुंबईकडे असं करतात. आपल्याकडे चालेल का?
— एक वाचक भगिनी, चोपडा

उत्तर : ताई, थीमची कल्पना मला मनापासून पटली. ती कुठून आणायची, एवढ्यावरच माझं मत वेगळं आहे. माणूस बाजारात येतो ते काही हवं असतं म्हणून, नाहीतर तिथं कुणी भेटणार असतं म्हणून. हॅलोविनला चोपड्यात कुणालाच काही लागत नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मात्र घरोघर नवी घागर लागते.

तेव्हा पंचांग पुढ्यात घेऊन बसा. आखाजीला पितरांच्या नावाने घागर भरायची, तिच्यावर लहान मडकं, खरबूज, सांजोरी ठेवायची, गौराई मांडायची, माहेरी आलेल्या लेकींसाठी झोका बांधायचा. एवढ्या एका सणात कुंभाराला काम आहे, टोपल्या विणणाऱ्या बुरडाला आहे, दोर वळणाऱ्याला आहे, सांजोऱ्या-कुरडया करणाऱ्या बायांना आहे. बाजाराच्या जागेत कडुलिंबाचं झाड असेल तर त्यालाच झोका बांधा. ज्या म्हाताऱ्यांना गौराईची गाणी येतात त्यांच्या घरी स्वतः जाऊन आवतन द्या, चिठ्ठी पाठवू नका. माहेरवाशिणी त्या दिवसांत गावात असतातच. जुन्या मैत्रिणी भेटतील अशी जागाच त्यांना हवी असते. वेळ तेवढी सांभाळा. वैशाखात आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. बाजार सकाळी ७ ते १० भरवा, नाहीतर थेट संध्याकाळी ५ नंतर.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आपली खानदेशची देवी कानबाई बसते. तिच्या आधीच्या आठवड्यात तोरणं, मण्यांचे दागिने, नथी, चौरंगावरचे रुमाल हातोहात जातील. श्रावण अमावास्येला पोळा. ट्रॅक्टर आले, बैलजोड्या कमी झाल्या, त्यामुळे गोंडे, मोरक्या, घुंगरमाळा करणारे मागे पडले. त्यांना सन्मानाने पहिल्या ओळीत बसवा. ज्यांच्या दारी बैल नाही ते मातीच्या बैलांची पूजा करतात, म्हणून कुंभारदादांना चाकासह बोलवा आणि शेजारी मळलेल्या चिखलाचा ढीग ठेवा. मुलांना आपला बैल आपण करू द्या. मूल तासभर तिथून हलणार नाही आणि मूल हलत नाही तोवर त्याची आईही सगळे पाल फिरून येईल.

माझी सगळ्यात आवडती कल्पना भुलाबाईची. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आपल्या मुली भुलाबाई मांडतात, गाणी म्हणतात आणि शेवटी बंद डबा वाजवून आत कोणती खिरापत आहे ते ओळखतात. त्या महिन्यातल्या बाजारात प्रत्येक विकणारीने आपल्यापाशी एक बंद डबा ठेवावा. मुलींनी एकीकडून दुसरीकडे जात खिरापत ओळखायची. दिवसभर नुसता कलकलाट होईल! मातीची भुलाबाई-भुलोजी करणारी घरं आता थोडी उरली आहेत, त्यांनाही या निमित्ताने गिऱ्हाईक मिळेल. हा बाजार तुम्ही कराच.

थंडीत भरिताची संध्याकाळ ठेवा. जळगावच्या भरिताच्या वांग्यांना २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण आपल्याला त्यांची चव त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली जात असली, की लोक थांबतात. त्या गारठ्यात गोधड्या आणि वाकळा मांडलेल्या असाव्यात.

यासाठी 'दुसरा रविवार' हा हट्ट सोडावा लागेल. पोळा होऊन गेल्यावर गोंडे कोण घेणार? तारीख सणाच्या आधी धरा आणि मागच्या बाजारातच सगळ्यांना सांगून ठेवा. ज्या महिन्यात काही नाही त्या महिन्यात थीमही नको. साधा बाजार भरू द्या.

प्रश्न : आमच्या बाजारात पाच जणी कागदी आणि मण्यांचे कानातले विकतात. त्यावरून कुरबुरी होतात. त्यातच एक जण होलसेलचा माल आणून 'हाताचा' म्हणून विकते असा संशय आहे. जागेवरूनही वाद आहेत.
— वाचक, पाचोरा

उत्तर : कानातलेवाल्या पाचही जणींना शेजारी-शेजारी बसवा. आपल्या आठवडे बाजारात कुंभारांची एक ओळ असते, सुपं-टोपल्यांची दुसरी. गिऱ्हाईक सरळ त्या ओळीकडे जातं, चार ठिकाणी बघतं आणि एकीकडून घेतं. लांब लांब बसलं की एकमेकींकडे बघून नुसता संशय वाढतो. शेजारी बसलं की एकीला सुटे पैसे कमी पडले तर दुसरी देते, एक जेवायला गेली तर दुसरी तिची वस्तू विकून पैसे बाजूला ठेवते. मी हे अनेक बाजारांत पाहिलं आहे आणि बाजार टिकतो तो अशाच ओळींमुळे.

जागा दर वेळी चिठ्ठ्या टाकून ठरवा. ओळीची जागा बदलेल, ओळ मोडणार नाही. होलसेलच्या मालाचं म्हणाल, तर कुणाची चौकशी बसवू नका. सगळ्यांना एकच नियम करा : अर्धवट काम सोबत आणायचं आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा ते करत बसायचं. जिला करता येतं तिला हा नियम आनंदाचा आहे. जिला येत नाही तिला शेजारीण शिकवेल, किंवा ती आपण होऊन येणं थांबवेल.

एक सामाईक डबाही ठेवा. प्रत्येकीने बाजारामागे वीस रुपये टाकायचे. त्यातून मांडव, पाण्याचे जार, आणि कुणाच्या घरी आजारपण आलं तर मदत. हिशेब दर वेळी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचा.

प्रश्न : मी हाताने गोधडी शिवते. रोज दुपारी तीन तास बसले तर वीस दिवस लागतात. १२०० रुपये सांगते. लोक म्हणतात, दुकानात चादर अडीचशेला मिळते. भाव कमी करू का?
— एक गृहिणी, धुळे

उत्तर : मुळीच नको. वीस दिवस, रोज तीन तास, म्हणजे साठ तास. १२०० रुपयांत तुम्हाला तासाला वीस रुपये मिळतात, आणि त्यातच दोरा-कापडाचा खर्च आला. हे गणित गिऱ्हाइकालाही सांगा, संकोचू नका. गोधडी घडी घालून ठेवू नका. उलगडून टांगा, मागची बाजू दाखवा, धावदोऱ्याचा एकेक टाका लोकांना बोटांनी चाचपू द्या.

माझा आग्रह मात्र दुसऱ्याच गोष्टीचा आहे. लोकांकडून साड्या घ्या आणि त्यांचीच गोधडी शिवून द्या. आई गेल्यावर तिच्या नऊवाऱ्या, सुती पातळं कपाटात पडून असतात. टाकवत नाहीत, वापरवत नाहीत. त्यांची गोधडी करून घेणारा माणूस दुकानातल्या चादरीशी तुलना करत नाही. निम्मी रक्कम आधी घ्या. उरलेल्या तुकड्यांची बाळांची दुपटी करून बाजारात ठेवा, त्यांना कायम मागणी असते.

प्रश्न : वडील कुंभारकाम करतात. सरकारी मदत मिळते का?
— वाचक, पारोळा

उत्तर : प्रधानमंत्री विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली. तिच्या १८ व्यवसायांत कुंभारकाम आहे, टोपल्या-झाडू-चटया विणणं आहे, खेळणी करणंही आहे. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, मग २ लाख रुपये कर्ज. घरातल्या एकालाच लाभ मिळतो. नोंदणी सेवा केंद्रात आधारवर होते आणि पडताळणी ग्रामपंचायतीपासून सुरू होते, म्हणून सरपंचांना आधीच भेटून ठेवा.

प्रश्न : होळीच्या आधी आमच्या बाजारात 'आदिवासी थीम' ठेवायची आहे. सगळ्यांनी मोरपिसांचे मुकुट आणि घुंगरांचे पट्टे घालून यावं, फोटोसाठी जागा करावी, असं ठरतंय.
— आयोजक, शहादा

उत्तर : मुकुट घालू नका, ही माझी कळकळीची विनंती. सातपुड्यात काठी गावच्या होळीला जे बावा आणि बुध्या मोरपिसांचा टोप आणि कमरेला घुंगरू बांधून नाचतात, ते व्रतस्थ असतात. दिवसच्या दिवस नेम पाळून मग तो साज अंगावर चढतो. फोटोपुरता तो चढवणं त्यांना दुखावणारं आहे. भोंगऱ्यालाही 'लग्न जुळवण्याचा बाजार' म्हणून जाहिरात करू नका. होळीची खरेदी करायचे ते आठवडे बाजार आहेत आणि ही चुकीची ओळख पुसायला तिथले लोक वर्षानुवर्षं झटत आहेत.

पावरा आणि भिल्ल कारागिरांना बाजारात नक्की बोलवा. बांबूच्या वस्तू, ढोल, पावरी, बासऱ्या, चांदीसारखे दागिने, जे त्यांना विकावंसं वाटेल ते त्यांनी त्यांच्या भावाने विकावं. येण्या-जाण्याचं भाडं बाजाराच्या सामाईक पैशांतून द्या. कार्यक्रम काय असावा हे त्यांनाच ठरवू द्या. नाचायचं नसेल तर आग्रह नको.

आणि तारीख बदला. होळीच्या आधीचा आठवडा त्यांच्या स्वतःच्या भोंगऱ्याचा, ते तेव्हा शहाद्याला का येतील? तुमचा बाजार होळी झाल्यावर ठेवा, आणि होळीआधीच्या आठवड्यात तुम्ही सगळे पिशव्या घेऊन धडगावच्या भोंगऱ्याला खरेदीला जा.