आयर्लंडमधल्या जुन्या थडग्यांवरच्या मजकुरावरून घराण्याची नाती जुळवता येतात का?

तुमच्या जावयाचे पणजोबा आयर्लंडच्या क्लेअर काउंटीतून (काउंटी म्हणजे जिल्हा) अमेरिकेला गेले, त्या आडनावाच्या थडग्यांचे फोटो तुम्हाला नेटवर सापडलेत, आणि त्यावरून वंशावळ जोडता येईल का असं तुम्ही विचारलंय. दगडावरून जोडता येते. नुसत्या फोटोवरून नाही. माझं सासर क्लेअरचंच, आणि फोटोवरून जोडलेल्या वंशावळीपायी आमच्या घरात जे झालं ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

आमच्या घराण्याचा दगड एका पडक्या चर्चच्या आवारात आहे. काळसर निळ्या स्लेटचा आहे, म्हणून अक्षरं टिकली. शेजारच्या चुनखडीच्या दगडांवर दगडफुलाचे पांढरे थर चढलेत, बोटांनी चाचपलं तरी काही लागत नाही. मजकूर साधारण असा: मायकलने हा दगड वडील जॉन, मृत्यू 1858, यांच्या स्मरणार्थ उभारला, तसंच त्याची बायको ब्रिजेट, मृत्यू 1879. ही बायको कुणाची, जॉनची की मायकलची? अख्खी पिढी इकडची तिकडे होते. बॉस्टनच्या चुलत दिरांनी फोटो बघून ब्रिजेटला जॉनची बायको, म्हणजे मायकलची आई ठरवलं आणि वंशावळीचं झाड नेटवर चढवलं. पुढे ते किती जणांनी उचललं याला गणतीच नाही.

फोटोत दगड गवतापर्यंतच दिसतो. जुने दगड खचतात, शेवटची ओळ मातीला लागते. मी दिवस मावळताना तिथे गेले, ओल्या गवतात पालथी पडले, हाताने गवत बाजूला धरलं आणि टॉर्च दगडाला टेकवून कडेने उजेड मारला. समोरून मारला की सगळं सपाट दिसतं. कडेने मारला की प्रत्येक खाचेत सावली भरते. ब्रिजेटचं माहेरचं आडनाव वाचता आलं, आणि वय 46. बाईचं माहेरचं आडनाव दगडावर कोरायची रीत आयर्लंडमध्ये बऱ्याच ठिकाणी होती आणि शोधणाऱ्याला याहून मोठी देणगी नाही. मायकल 1901च्या जनगणनेत सत्तरीचा दिसतो. 1879 साली 46 वर्षांची बाई त्याची आई होऊच शकत नाही.

दीर म्हणाले, वयातला तो 4 नाहीच, 7 आहे. आणि आमच्या घराण्यातलं हिला काय कळणार. पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्याकडच्या कुणीतरी येऊन 'नीट दिसावं म्हणून' दगड तारेच्या ब्रशने घासला. स्लेटचा वरचा पापुद्रा निघाला, आणि आता तो आकडा 4ही नाही नि 7ही नाही. मला अजून राग येतो. तारेचा ब्रश, ब्लीच, खडू, शेव्हिंग फोम, यातलं काहीही दगडाला लावू नका, कुणी सांगितलं तरी.

निकाल लागला तो सरकारी नोंदींनी. आयर्लंडमध्ये सगळ्यांच्या जन्म-मृत्यूची नोंद 1864 पासून सुरू झाली आणि जुन्या जन्मनोंदी सरकारनेच फुकट ऑनलाइन ठेवल्यात. मायकलच्या धाकट्या मुलांच्या नोंदींत आईचं नाव ब्रिजेट, आणि माहेरचं आडनाव दगडावरचंच. एवढं पुरे होतं. दिरांनी झाड दुरुस्त केलेलं नाही.

म्हणून माझं ठाम मत आहे की दगडावर मेलेल्याच्या आधी उभारणाऱ्याचं नाव वाचावं. त्र्यंबकेश्वरला उपाध्यायांच्या वहीत आपण घराणं शोधतो तिथे लिहून ठेवणारा बाहेरचा असतो. इथे कोरून घेणारा घरातलाच, आणि तो आपल्याला हवं तेवढंच कोरून घेतो. कित्येक दगड अमेरिकेहून आलेल्या पैशांवर मागाहून, मृत्यूनंतर वीस-तीस वर्षांनी उभे राहिले. मग तारखा आठवणीतल्या आणि वयं शून्यावर संपणारी, साठ, सत्तर, ऐंशी. 1909 मध्ये सत्तरीच्या पुढच्यांना पेन्शन सुरू झाली आणि ती मिळावी म्हणून लोक वय वाढवून सांगू लागले; 1901 आणि 1911ची जनगणना शेजारी ठेवलीत तर दहा वर्षांत पंधरा वर्षांनी म्हातारी झालेली माणसं भेटतील.

तुमच्या जावयासाठी आधी अमेरिकेतलेच दगड बघा. तिकडे गेलेल्यांच्या थडग्यावर पुष्कळदा काउंटी आणि पॅरिशसुद्धा (एका चर्चच्या हद्दीतला परिसर) कोरलेली असते. पॅरिश आणि शक्यतो टाउनलँड (पॅरिशच्या आतला जमिनीचा सर्वांत लहान भाग) हाती लागल्याशिवाय क्लेअरमधले फोटो चाळून काही मिळणार नाही. एकाच पॅरिशमध्ये त्याच नावाआडनावाची चार माणसं सहज सापडतात. पॅरिश कळली की आयर्लंडच्या नॅशनल लायब्ररीच्या संकेतस्थळावर कॅथलिक बाप्तिस्म्याच्या वह्या आहेत, साधारण 1880 पर्यंतच्या, तिथे आईचं आडनाव बघा. क्लेअर काउंटी लायब्ररीने बऱ्याच दफनभूमींचे मजकूर उतरवून ऑनलाइन ठेवलेत, तेही बघा, पण ताडून.

हेही सांगायला हवं की गरिबांच्या वाट्याला कोरलेला दगड आलाच नाही. शेतातला एखादा ओबडधोबड धोंडा डोक्याशी रोवला की झालं, आणि 1840च्या दशकातल्या मोठ्या दुष्काळात गेलेल्यांना तोही नाही. जावयाचे पूर्वज लहान कुळं असतील तर थडगं सापडणारच नाही, याची तयारी ठेवा. तेव्हा ग्रिफिथचं व्हॅल्युएशन, म्हणजे जमिनींच्या मूल्यांकनाची सरकारी यादी, बघावं. 1847 ते 1864 मध्ये कोणती जमीन कोण कसत होतं ते त्यात आहे. 1821 ते 1851च्या जनगणना बहुतेक सगळ्या 1922 साली डब्लिनच्या फोर कोर्ट्समधल्या (न्यायालयाच्या आवारातल्या सरकारी दफ्तराच्या) आगीत गेल्या, त्यामुळे तिथून फारशी आशा नाही.

कुणाचं तयार झाड उचलू नका, विशेषतः बॉस्टनकडून आलेलं. आणि त्या थडग्यांपैकी एखाद्याचा शेवटच्या ओळीपर्यंतचा फोटो मिळाला तर मला पाठवा, मी वाचून सांगते.